बुरशीपासून बनवलेल्या वस्तूंमुळे संसर्ग होतो का?

बुरशी म्हटली की भिंतीवरचे काळे डाग किंवा पावसाळ्यात जांघेत होणारा नायटा आठवतो. त्यामुळे ‘बुरशीपासून बनवलेले पॅकिंग’ ऐकून अनेकजण विचारतात, ‘डॉक्टर, त्वचेला काही होणार नाही ना?’ अशा वस्तूंमुळे नायटा होत नाही.

ही वस्तू बनते कशी?

बुरशीचे शरीर म्हणजे बारीक तंतूंचे जाळे. त्याला मायसेलियम म्हणतात. एक तंतू साधारण २ ते १० मायक्रॉन जाड असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. तंतूंच्या भिंतीत कायटिन हा चिवट पदार्थ असतो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातही तोच असतो. साच्यात भुसा किंवा पेंढा भरून बुरशी वाढवली की तंतू सगळे कण घट्ट बांधून टाकतात. अमेरिकेतील इकोव्हेटिव्ह ही २००७ साली सुरू झालेली कंपनी असे पॅकिंग बनवते. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनीही ढिंगरी आणि गॅनोडर्मा या अळिंब्या वापरून थर्माकोलला पर्याय शोधला आहे.

संसर्ग का होत नाही?

या अळिंब्या लाकूड आणि पेंढ्यावर जगतात. नायट्याची बुरशी त्वचा, केस आणि नखांतील केराटिनवर जगते. शिवाय वस्तू तयार झाल्यावर ती तापवून सुकवतात, त्यामुळे बुरशी मरते.

मात्र वस्तू ओली राहिली तर पुठ्ठ्याप्रमाणे तिच्यावर दुसरी बुरशी येऊ शकते. घरी अळिंबी वाढवण्याच्या किटमधली बुरशी तर जिवंत असते आणि तिचे बीजाणू हवेत उडतात. घरात कोणाला दमा असेल तर असे किट झोपण्याच्या खोलीत ठेवू नका.

नायटा पुन्हा का येतो?

नायट्याची बुरशीही अशीच तंतूंनी त्वचेच्या वरच्या थरात पसरते. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज आणि लाली कमी होते, पण तंतू आत वाढतच राहतात. म्हणून:

- डॉक्टरांनी सांगितलेले औषध पूर्ण दिवस घ्या. खाज थांबली म्हणून बंद करू नका.
- दमट कपडे घालू नका. टॉवेल वेगळा ठेवा.
- घरात इतरांनाही खाज असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या.

मधुमेह असेल किंवा चट्टे पसरत असतील, तर लवकर डॉक्टरांना दाखवा.