ग्रनाडातील एक सत्र आणि कुर्तुब्याची ती रात्र

मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरचे दोन प्रश्न आधी विचारतात : राहणार कुठे आणि खाणार काय? आम्हा दोघी मैत्रिणींनाही तेच विचारले गेले. एक चिपळूणची, दुसरी पुण्याची. विद्यार्थी अदलाबदल योजनेतून २०२४ च्या फेब्रुवारी ते जून असे एक सत्र आम्ही स्पेनमधील ग्रनाडा विद्यापीठात काढले. फी आपल्याच कॉलेजात भरायची होती. तिथला खर्च म्हणजे खोलीभाडे, जेवण आणि प्रवास. दोन्ही घरच्या अब्बांनी मिळून एकच अट घातली : "गावाबाहेर पाऊल टाकण्याआधी घरी फोन करायचा." आम्ही लगेच हो म्हटले. ती अट आम्ही कशी मोडली, त्याचीच ही हकिकत.

रोजचे दिवस

हे विद्यापीठ १५३१ मध्ये स्थापन झाले. पण गावात त्याहून जुना मदरसा आहे. सुलतान युसूफ पहिला याने तो १३४९ मध्ये उभारला. आज ती इमारत विद्यापीठाकडेच आहे. तास स्पॅनिशमधून चालत. पहिला महिना निम्मे डोक्यावरून गेले. दुपारी दोन ते पाच बरीचशी दुकाने बंद, रात्रीचे जेवण नऊनंतर. हॉटेलांच्या छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. त्यामुळे पाठ केलेले पहिले वाक्य 'सिन सेर्दो', म्हणजे डुकराचे मांस नको. मोरोक्कन खाटकाकडून हलाल गोश्त आणायचे आणि घरीच डाळ-भात रांधायचा, हे आठवड्याभरात ठरून गेले.

भाषेने मात्र लवकरच जवळ केले. साखरेला 'अझुकार', तांदळाला 'अर्रोस', तेलाला 'असेइते'. सगळे अरबीतून आलेले. नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात, तो मूळचा 'अल-काझी'! आमची खोलीतली स्पॅनिश मैत्रीण परीक्षेआधी 'ओहाला' म्हणायची, म्हणजे 'तसे होवो'. त्या शब्दात अल्लाहचे नाव दडले आहे, हे तिला आमच्याकडून कळले.

शुक्रवारी जुम्याला अल्बाइसिन टेकडीवरच्या मशिदीत जायचो. १४९२ मध्ये ग्रनाडातील मुस्लिम सत्ता संपली. ही मशीद २००३ मध्ये खुली झाली. तिच्या बागेतून समोर अलहंब्रा दिसतो. 'अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही' हे वचन त्या राजवाड्याच्या भिंतींवर जागोजागी कोरलेले आहे. ज्यांनी ते कोरून घेतले त्यांचे राज्य गेले, वचन राहिले.

कुर्तुबा

शनिवार-रविवारी विद्यार्थी बसने भटकतात. आम्हीही मालागा, सेविया पाहिले, दर वेळी घरी सांगून. रमजानच्या पहिल्या शनिवारी, १६ मार्चला, कुर्तुब्याला निघालो. सोमवारी वर्गात निबंध मांडायचा होता. "अभ्यास सोडून कुठे?" असे घरचे म्हणतील, म्हणून फोन केला नाही. रात्री परत येऊ, कोणाला कळणार?

तिथली मशीद अब्दुर्रहमान पहिला याने ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली. आठशेहून अधिक खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या कमानी. १२३६ पासून ते चर्च आहे आणि मुस्लिमांना तिथे नमाजची परवानगी नाही. इक्बालांनी १९३३ मध्ये हीच मशीद पाहून 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म लिहिली होती. मिहराबीसमोर पाय थबकले. पहारेकरी पाहत होता. आम्ही उभ्या उभ्या मनातच दुरूद पढलो आणि बाहेर संत्र्याच्या झाडांखाली बराच वेळ गप्प बसलो.

त्या नादात वेळेचे भान सुटले. साडेसातच्या सुमारास खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला. स्थानकावर पोहोचलो तर शेवटची बस गेलेली. थंडी वाढत होती, हॉटेलांचे भाडे परवडणारे नव्हते. वर्गातली एक मुलगी कुर्तुब्याची होती. तिला फोन केला. अर्ध्या तासात तिची आई स्वतः घ्यायला आली. तिने ऑलिव्ह तेलात अंडी तळली, भाकरीसारखा जाड पाव दिला आणि विचारले, "पहाटे किती वाजता उठवू?" पहाटे पाचला त्या ख्रिस्ती घरात आमच्या सहेरीसाठी दूध तापत होते.

पण त्याआधी एक काम बाकी होते. मध्यरात्री बारा वाजता चिपळूणला फोन लावला. तिथे साडेचार वाजले होते. सगळे सहेरीला जागे होते. सगळे खरे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अब्बा म्हणाले, "बस चुकली त्याचा राग नाही, बेटा. तुम्ही कुठे आहात हे आम्हाला माहीत नव्हते. रात्री काही झाले असते तर शोधायचे कुठे?" पुण्याच्या अम्मी काही बोलल्याच नाहीत, नुसत्या रडल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

आता मागे पाहताना

३१ मार्चला तिथली घड्याळे तासभर पुढे गेली आणि इफ्तार साडेसातवरून साडेआठपलीकडे गेला. त्यानंतरही आम्ही बऱ्याच गावी गेलो, पण तिकीट काढण्याआधी घरी फोन व्हायचा. आणि गंमत अशी, की नंतर एकदाही 'जाऊ नका' असे कोणी म्हटले नाही.

मुलींना बाहेर पाठवावे की नाही, हा प्रश्न घरोघरी आहे. आमचे म्हणणे इतकेच : पालकांनी एखादीच अट घालावी, पण तिचे कारण सांगावे. आणि मुलींनो, ती अट पहारा नसते. दूर कोणीतरी आपल्यासाठी जागे आहे, एवढाच तिचा अर्थ.