कर्करोग परतून येतो तेव्हा

केज-अंबाजोगाईकडून कळंब, येरमाळामार्गे बार्शीला जाणाऱ्या एस.टी.त मांडीवर जाड पिशवी सांभाळत बसलेली माणसे आढळतात. पिशवीत स्कॅनच्या फिल्म, रक्ततपासणीचे कागद, रेशनकार्डाच्या छायाप्रती. बीड जिल्ह्यातील कर्करुग्णांच्या वाटा प्रामुख्याने तीन ठिकाणी जातात : बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईत परळला असलेले टाटा स्मारक रुग्णालय. या प्रवाशांत तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात. तंबाखू, मिश्री आणि गुटखा ही त्यामागची जुनी कारणे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तिचे वजन किती, हे पानटपरीवाल्यास विचारावे.

पहिल्या खेपेचा उपचार कष्टाचा असला तरी त्याची दिशा ठरलेली असते. शस्त्रक्रिया होते, मग सहा-सात आठवडे किरणोपचार, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. घर हळूहळू पूर्वपदावर येते. आणि मग, बहुधा पहिल्या दोन वर्षांतच, गालाच्या आत किंवा मानेत पुन्हा गाठ हाताला लागते. त्या दिवशी घरात जो प्रश्न उठतो तो ठरलेला असतो : पुन्हा शेक देता येईल का?

उत्तर ‘कधी कधी’ असे आहे. मात्र त्याआधी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. पहिली, तुकडा काढून तपासणी. किरणोपचारानंतर जबड्याचे हाड कुजू शकते, व्रण राहू शकतो. तोही रोगासारखाच दिसतो. दुसरी, शल्यचिकित्सकाचे मत. गाठ समूळ काढता येत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार सर्वांत आधी होतो. ती शक्य नसेल, तेव्हा बाकीच्या वाटा उघडतात.

पुन्हा किरण देण्यातील अडचण समजून घेतली पाहिजे. पहिल्या वेळी त्या जागेला साधारण साठ ते सत्तर ग्रे एवढी मात्रा मिळालेली असते. शरीर ती विसरत नाही. त्वचा, स्नायू, हाड, मज्जारज्जू आणि मेंदूकडे रक्त नेणारी मानेतील मोठी धमनी या सर्वांवर तिची नोंद राहते. दुसरी मात्रा त्या नोंदीवर चढते. म्हणून दोन किरणोपचारांत निदान सहा महिन्यांचे अंतर असावे, गाठ लहान असावी आणि रुग्णाची प्रकृती बरी असावी, असे पाहिले जाते. फ्रान्समध्ये १३० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गाठ काढल्यानंतर काहींना केमोथेरपीसह पुन्हा किरण दिले गेले, काहींवर नुसते लक्ष ठेवले गेले. किरण दिलेल्यांत रोग अधिक काळ आटोक्यात राहिला, पण एकूण आयुष्य वाढले नाही. दोन वर्षांनी गंभीर दुष्परिणाम एका गटात ३९ टक्के रुग्णांना, तर दुसऱ्यात १० टक्के रुग्णांना होते. गंभीर म्हणजे घास न गिळता येणे, तोंड न उघडणे, जखम न भरणे. पुढे यंत्रे अधिक नेमकी झाली, तरी हा हिशेब मुळात बदललेला नाही.

आता औषधांकडे वळू. केमोथेरपी म्हटले की सलाईनमधून दिलेली मोठी मात्रा, उलट्या आणि केस गळणे हे चित्र डोळ्यांपुढे येते. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी वेगळी वाट तपासली : मोठी मात्रा एकदम न देता, थोडी थोडी औषधे तोंडावाटे नियमित देत राहायची. मराठवाड्यातील वाचकांस मोकाट पाणी आणि ठिबक यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. हे ठिबक आहे. ४२२ रुग्णांच्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने भरले, तर सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे ६.१ महिने.

तिसरे औषध रोगप्रतिकारक शक्तीचे, म्हणजे इम्युनोथेरपी. आपल्या पांढऱ्या पेशींवर एक ब्रेक असतो, पीडी-१ नावाचा. जपानमधील तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ साली शोधला. २०१८ चा नोबेल पुरस्कार त्यांना अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्यासह मिळाला. कर्कपेशी हा ब्रेक दाबून ठेवतात. निवोलुमॅबसारखे औषध तो सोडवते. अडचण किमतीची होती. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असे प्रगत उपचार शंभरांत एक ते तीन रुग्णांनाच परवडतात, असे टाटाच्या संशोधकांनीच नोंदवले आहे.

येथे त्यांनी जे केले ते मला या विषयातील सर्वांत मोलाचे काम वाटते. निवोलुमॅबची रूढ मात्रा साधारण साठ किलोच्या माणसाला दर दोन आठवड्यांनी १८० मिलिग्रॅम. त्याऐवजी दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम द्यायचे आणि जोडीला ठिबकाच्या गोळ्या : मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब. १५१ रुग्णांत तुलना झाली. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षानंतर शंभरांतील १६ जण हयात होते. निवोलुमॅबची जोड मिळालेल्यांत ४३. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. हा अभ्यास ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आकडे वाचताना भान हवे. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले, म्हणजे हा रोगमुक्तीचा उपाय नव्हे. शिवाय चाचणीतील रुग्ण हिंडते-फिरते होते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना हेच आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मग किरण, केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी तिन्ही एकत्र का देऊ नयेत? कल्पना आकर्षक आहे. किरणांनी फुटलेल्या कर्कपेशींची ओळख पांढऱ्या पेशींना पटावी आणि औषधाने त्यांचा ब्रेक सुटलेला असावा, असा तिच्यामागचा तर्क. परंतु शरीर नेहमी आपल्या बेरजेप्रमाणे वागत नाही. प्रथमच उपचार घेणाऱ्या सुमारे सातशे रुग्णांत अवेलुमॅब हे तशाच जातीचे औषध किरण व केमोथेरपीसोबत दिले गेले. २०२१ साली निकाल आला, तेव्हा लाभ दिसला नाही. परतलेल्या रोगात तिहेरी उपचार मुख्यतः लहान अभ्यासांतून तपासला गेला आहे. तो कोणी सुचवला तर ‘हा नित्याचा उपचार आहे की संशोधनाचा भाग?’ हे अवश्य विचारावे. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. सत्तरीपुढील रुग्णांत तर किरणांसोबतच्या केमोथेरपीचा लाभ वयागणिक घटत जातो, हेही लक्षात असू द्यावे.

घरी सांभाळणाऱ्यांसाठी काही गोष्टी मुद्दाम लिहितो. या उपचारातील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर जीवावर बेतते, आणि अशी चूक वृद्धांच्या घरात सहज होते. वार ठरवावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी, ती गोळी इतर औषधांच्या डब्यात ठेवू नये. तोंडात फोड आले, ताप आला तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सेलेकॉक्सिबने रक्तदाब आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. गुडघेदुखीची गोळी परस्पर जोडीला देऊ नये. अर्लोटिनिब उपाशीपोटी घेतात आणि त्याने अंगावर पुरळ येते. निवोलुमॅबनंतर नवा खोकला, धाप, जुलाब, कावीळ किंवा विलक्षण थकवा दिसल्यास ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नये. सोडवलेला ब्रेक कधी स्वतःच्याच फुप्फुसांवर, आतड्यांवर वा थायरॉईडवर उलटतो आणि वेळीच स्टेरॉईड दिल्यास बहुधा आवरतो. पुन्हा किरण घेतलेल्या रुग्णाच्या तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून ताजे लाल रक्त आले, थोडे येऊन थांबले तरी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

खर्चाचे बोलायचे तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. आपल्याला सुचवलेले नेमके औषध त्यात बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून गाडीभाडे खर्च करण्यापूर्वी पक्के करून घ्यावे. दर तीन आठवड्यांची खेप आणि सहा आठवडे रोजची खेप यांत ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या दृष्टीने फार अंतर आहे. डॉक्टरांपुढे ते संकोच न करता मांडावे.

आणखी एक. हा सगळा विचार बहुतेक घरांत रुग्णाला ओसरीवर बसवून आत होतो. आजोबांना आपला रोग परतला आहे, हे बहुधा आधीच कळलेले असते. त्यांना घास गिळता येणे महत्त्वाचे वाटते की नातीच्या लग्नापर्यंतचे दिवस, हे त्यांनाच विचारावे, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर त्यांनाच बोलू द्यावे. त्या पिशवीत मात्र पहिल्या किरणोपचाराचा कागद, किती ग्रे आणि कुठे, असलाच पाहिजे. तो हरवला असेल तर जिथे शेक घेतला त्या रुग्णालयातून नक्कल मागून घ्यावी. त्यावाचून दुसऱ्या किरणोपचाराचा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.