जुन्या गोठ्याच्या जागी कांदाचाळ: आधी हिशोब, मग गवंडी

शेतातला जुना गोठा पडायला आलाय आणि तिथेच छोटी कांदाचाळ उभी करायचीय? चांगला विचार आहे. पण गवंड्याला बोलवायच्या आधी कागद-पेन घ्या.

समजा, रब्बीचा 10 टन कांदा आहे आणि आजचा भाव किलोला 12 रुपये. आज विकला तर 1,20,000 रुपये. साठवला आणि सड, घट, मोड मिळून 3 टन गेला, तर उरलेल्या 7 टनाला 17 रुपयांच्या वर भाव मिळाला तरच तेवढेच पैसे हातात. नुकसान 2 टनांवर रोखलं, तर 15 रुपयांतच बरोबरी. म्हणजे चाळीची रचना हाच तुमचा नफा. चाळीचा आणि मजुरीचा खर्च यात अजून धरलेलाच नाही, तोही मांडा.

आता मापं बघू. दोन पाखी चाळीत प्रत्येक कप्पा 4 फूट रुंद, कांद्याचा थर 5 फुटांपर्यंत, मधे 5 फुटांची वाट. 25 टनाला साधारण 40 फूट लांबी लागते, म्हणून 10 टनाला 16 फूट पुरते. थर वाढवून जागा वाचवू नका. वजनाने खालचा कांदा दबतो, सडतो.

तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच आणि फटींचा ठेवा. खालून हवा खेळलीच पाहिजे. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम, एक पाखी दक्षिण-उत्तर. छताला कौलं असली तर आत थंड राहतं, पत्रा तापतो.

इथेच बरेच जण फसतात: गोठा होता तिथेच चाळ! गोठा आपण आडोशाला बांधतो, चाळीला मात्र मोकळा वारा लागतो. जागा सखल असेल, पाणी साचत असेल, तर सरळ जागा बदला. गोठ्याची कौलं, वाळवी न लागलेली लाकडं मात्र नक्की वापरा.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा, पूर्वसंमती मिळाल्यावरच काम सुरू करा आणि त्यांच्याच आराखड्याने बांधा.

आणि हो, खरिपाचा कांदा टिकत नाही, चाळ रब्बीसाठीच. तुमचा टनाचा आकडा आणि बरोबरीचा भाव आजच वहीत लिहा. भाव तिथवर जाईल असं वाटत नसेल, तर यंदा कांदा विका, चाळ पुढच्या वर्षी!