कलाविष्कार आणि मनःस्वास्थ्य : वर्धा परिसराच्या अनुषंगाने काही विचार

कलेपासून मनुष्यास आनंद होतो ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु हा आनंद कोणास होतो, असा प्रश्न केल्यास आपल्या साहित्यशास्त्राचे उत्तर बहुधा 'रसिकास' असेच येते. भरतापासून अभिनवगुप्तापर्यंतची रसचर्चा मुख्यत्वे प्रेक्षकाच्या चित्तवृत्तीभोवती फिरते. ॲरिस्टॉटलचे विरेचनही प्रेक्षागारात बसलेल्यांचेच. मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना झाली तरी ती वाचकाच्या आनंदाची मीमांसा होय. ज्याच्या हातून कृती घडते आणि जो स्वतःस कलावंत म्हणवूनही घेत नाही, अशा सामान्य माणसाच्या मनात ती कृती करीत असताना कोणता पालट होतो, या प्रश्नाकडे आपण मानाने कमीच लक्ष दिले. कलोपचार या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासशाखेचा आरंभ नेमका याच प्रश्नापासून होतो.

या शाखेचे नाव प्रचारात आणले ते एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने, १९४२ च्या सुमारास. क्षयरोगाने आजारी पडून आरोग्यधामात दिवस कंठीत असताना चित्रे काढण्यात आपले मन सावरते असे त्यास आढळले, आणि पुढे त्याने सहरुग्णांच्या हाती कुंचला दिला. अमेरिकेत मार्गारेट नॉम्बर्ग हिने या उपक्रमास मनोविश्लेषणाची जोड दिली. तिच्या मते चित्र हे अबोध मनाची भाषा असून रुग्णाने त्याविषयी मुक्तपणे बोलावे, हे उपचाराचे खरे अंग. ईडिथ क्रेमर हिचे म्हणणे निराळे. वासना-विकारांचे उन्नयन प्रत्यक्ष निर्मितीतच होते, तेव्हा बोलणे दुय्यम, असे ती मानी. क्रेमरची गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस हिने १९४२ ते १९४४ या काळात तेरेझिनच्या नाझी छावणीत मुलांना चित्रकला शिकविली. १९४४ मध्ये ऑशविट्झ येथे तिचा अंत झाला; मागे मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे राहिली. त्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. म्हणून येथे 'बरे होणे' या शब्दाचा अर्थ जपूनच करावयास हवा.

आपल्या परिसरात या विचाराच्या सर्वांत निकट जाणारे उदाहरण सेवाग्रामचे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेतून नयी तालीमची योजना निघाली. झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योग हा तिचा कणा. शांतिनिकेतनात कलेचे शिक्षण घेतलेले देवीप्रसाद १९४४ साली या हस्तोद्योगप्रधान वातावरणात कलाशिक्षक म्हणून आले आणि जवळजवळ अठरा वर्षे येथे राहिले. १९६२ साली ते लंडनला युद्धविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यासाठी गेले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. सेवाग्रामच्या अनुभवांवर त्यांनी १९५९ साली हिंदीत ग्रंथ लिहिला, आणि त्याचेच पुढले रूप १९९८ मध्ये 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' या नावाने नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले. मुलाच्या चित्राकडे भावी चित्रकाराची पूर्वतयारी म्हणून न पाहता त्याच्या व्यक्तित्वाच्या वाढीचे अंग म्हणून पाहावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. हर्बर्ट रीड यांच्या १९४३ मधील 'एज्युकेशन थ्रू आर्ट' या ग्रंथाशी हा विचार मिळताजुळता आहे. परंतु मातीचे मडके आणि सुताची लड यांच्या सान्निध्यात तो निराळा दिसू लागतो.

निराळा कसा, हे पाहणे उद्बोधक ठरेल. चरख्यावर सूत काढावयाचे तर ते समान निघाले पाहिजे. तेथे मुलाच्या लहरीस वाव नाही. चित्रात मात्र मुलाने आईस झाडापेक्षा मोठी काढली तरी ती चूक ठरत नाही. एक शिस्त बाहेरून येते, दुसरी आतून उमलते. स्वावलंबनाचा हिशेब ठेवणाऱ्या योजनेत या दुसऱ्या शिस्तीस जागा करून देणे सोपे नव्हते. पण कुंभाराच्या चाकावर दोन्हींचा मेळ बसतो, असे आम्हांस वाटते. मातीस स्वतःचा स्वभाव असतो, ती हवे तसे वागू देत नाही. तरी बिघडलेले भांडे पुन्हा गोळा करून चाकावर ठेवता येते. शाईचा डाग पुसत नाही, माती मात्र क्षमा करते. अपयशाच्या भयाने आक्रसलेल्या मुलास या गुणाचा उपयोग किती, हे निराळे सांगावयास नको.

अर्थात सेवाग्रामचे कलाशिक्षण हा उपचार नव्हता, आणि त्यास तसे नाव देणे अतिव्याप्तीचे होईल. तेथे रुग्ण नव्हते, विद्यार्थी होते. तीच गोष्ट थोड्या फरकाने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सुरू केलेल्या कुष्ठधामाची आणि बाबा आमटे यांच्या आनंदवनाची. तेथे मनुष्यास पुन्हा उभे केले ते प्रामुख्याने श्रमाने. आनंदवनात पुढे 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला तेव्हा श्रमास आविष्काराची जोड मिळाली. श्रम माणसास त्याची प्रतिष्ठा परत देतो. आविष्कार त्यास त्याचे दुःख बोलू देतो. ही दोन कार्ये परस्परपूरक असली तरी एक नव्हेत.

दुःख बोलू देण्याची रीत आपल्या समाजात नव्हतीच असे मात्र नाही. जात्यावरील ओवी हे तिचे ठळक उदाहरण. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये अशा ओव्या संकलित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. या ओव्यांचे वाङ्मयीन मूल्य पुष्कळांनी वर्णिले आहे. येथे आमचे लक्ष त्यांच्या घडणीकडे आहे. वेळ पहाटेची, घर निजलेले, हातास एकसारखी फिरणारी गती, आणि दुःख ऐकावयास समोर दगडाचे जाते, ज्यास ती स्त्री देव किंवा सखा मानून बोलते. सासूविषयी जे कोणापाशी बोलता येत नाही ते जात्यापाशी बोलता येते. आणि ते ओवीत बसवावे लागत असल्यामुळे कढ थोडा आवरावा लागतो. खुंट्यास दुसरा हात लावणारी असली तर ती ऐकते, कधी पुढची ओवी जोडते. सल्ला देत नाही. आजचा कलोपचारक जी योजना प्रयत्नपूर्वक करतो, तिची बहुतेक अंगे येथे आपोआप जुळलेली होती. पिठाची गिरणी आली आणि कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण दळण ही काही काव्यसभा नव्हती. परंतु कष्टांबरोबर ती एकान्ताची घटकाही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

या उदाहरणावरून कलाविष्काराच्या परिणामाची कारणमीमांसा काहीशी करता येते. मनातील व्यथा जोवर आत असते तोवर मनुष्य आणि व्यथा यांत अंतर नसते. ती कागदावर, मातीत वा छंदात उतरली म्हणजे तिच्याकडे पाहता येते. शिवाय अतिशय भयाचे अनुभव पुष्कळदा शब्दांत साठविलेले नसतात. ते दृश्ये, वास, अंगावरचा काटा यांच्या रूपाने राहतात, म्हणून 'काय झाले ते सांग' या आज्ञेस मूल उत्तर देऊ शकत नाही, पण चित्रात ते येते. आणि साक्षीदार हवा, मग तो दगडाचा का असेना. हे सर्व प्रत्येक वेळी सुखद असते असे नाही. पेनेबेकर व बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांकडून चार दिवस आघातांविषयी लेखन करविले, तेव्हा लेखनानंतर लगेच त्यांची खिन्नता वाढली. पुढील महिन्यांत मात्र दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

प्रमाणांविषयी उत्साह बेताचा ठेवावा. २०१६ मधील एका अमेरिकी प्रयोगात ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटे कलाकाम दिल्यावर सुमारे तीन चतुर्थांशांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हा ताणनिदर्शक स्राव घटला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा नुसते स्वस्थ बसल्यानेही तो घटला असता किंवा कसे, हे ठरत नाही. उलट २०१२ साली ब्रिटनमध्ये ४१७ छिन्नमनस्क रुग्णांवर झालेल्या मोठ्या परीक्षणात सामूहिक कलोपचाराचा नेहमीच्या उपचाराहून अधिक लाभ दिसला नाही; पुष्कळ रुग्ण वर्गास फिरकलेही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांवर अभ्यासांचा धांडोळा घेऊन कलांचा आरोग्यास हातभार लागतो असा निर्वाळा दिला. त्यातील अभ्यास सर्व सारख्या तोलाचे नाहीत, हे वाचकाने ध्यानी धरावे. तीव्र मनोविकारात औषध सोडून रंग हाती देणे हा अपराधच होईल.

मग या विचाराचे खरे क्षेत्र कोणते? वर्धा शहरास लागून वाढलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्तीत खेडे आणि शहर एकमेकांत मिसळले आहे. जिल्ह्याच्या गावागावांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची छाया आहे. २००६ साली केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांकरिता साहाय्य जाहीर केले त्यांत वर्धा होता. कर्ज आणि सिंचन यांची तरतूद आवश्यकच. पण बाप गेलेल्या घरातील दहा वर्षांचे मूल कर्जाच्या भाषेत शोक करीत नाही. ते रोगीही नाही. अशा मुलांसाठी आठवड्यातून एक ठराविक वार, तीच जागा, तीच माणसे, पुरेसा कागद व ओली माती, एवढी व्यवस्था शाळा किंवा अंगणवाडीच्या खोलीत होऊ शकते. झोप उडालेले, खाणे सोडलेले, मरणाची भाषा करणारे मूल आढळले तर त्यास विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचविले पाहिजे, आणि ही वाट वर्ग सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असावी.

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस एक मोह हमखास होतो, तो चित्रावरून निदान करण्याचा. काळा रंग म्हणजे नैराश्य, दार नसलेले घर म्हणजे एकाकीपणा, असे कोष्टक हाताशी धरून काही जण निघतात. पेटीत काळा खडू तेवढा शिल्लक होता, ही शक्यता त्यांच्या ध्यानी येत नाही. मुलाने स्वतः काही सांगितले तर ऐकावे. न सांगितल्यास चित्र तसेच राहू द्यावे. 'छान' हा शेराही शक्यतो टाळावा, कारण त्यामुळे पुढील चित्र शिक्षकासाठी काढले जाते. काढलेली चित्रे मुलाची आहेत. त्याची व त्याच्या आईची संमती असल्यावाचून ती प्रबंधाच्या परिशिष्टात जाऊ नयेत, आणि फाडून टाकावी असे मुलास वाटले तर ती त्यास फाडू द्यावीत.