कृष्णाकाठचे बैल आणि जिवंत वई

आमच्या सीमाभागात बेंदूर वर्षातून दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि पुढे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचे बैल आधी सजतात, मराठी घरांतले नंतर. आमच्या घरी मात्र दोन्ही दिवशी बैल धुण्याची चाल आहे. दोनदा न्हाऊ घातल्याने बैल काही रागावत नाही, असे आजोबा म्हणत. त्यांच्या वेळी दावणीला चार जोड्या होत्या. आज एक जोडी उरली आहे आणि एक कालवड. ही तिन्ही जनावरे कृष्णाकाठी जातीची. यंदा त्यांच्यावरून आणि शेताच्या वईवरून आमच्या घरात जी चर्चा झाली, तिची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

ज्यांनी हा बैल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. अंगाने थोराड, मान आखूड, कपाळ पुढे आलेले, शिंगे लहान व वाकडी, रंग पांढुरका करडा. नराचे खांदे व मागचा भाग अधिक काळपट. गळ्याची पोळी एवढी मोठी की चालताना ती झुलत राहते. चाल संथ. खिलार बैल वाऱ्यासारखा धावतो, शर्यतीत लोकांच्या टाळ्या घेतो. कृष्णाकाठी बैलाला टाळ्या ठाऊक नाहीत. परंतु अथणी, चिकोडी, रायबागकडील काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन खोल नांगरायची झाली की खिलाराचा वेग तेथे उपयोगी पडत नाही. तेथे वजन हवे आणि धीर हवा.

हा बैल आयता मिळालेला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी या जमिनीसाठी भारी बैल हवा म्हणून गीर, काँक्रेज, ओंगोल आणि म्हैसूर वळणाची स्थानिक गुरे यांचा संकर करविला, आणि त्यातून ही जात स्थिरावली. म्हणजे आज आपण जिला ‘अस्सल देशी’ म्हणून छातीशी धरतो ती जात मुळात संकराचीच. शुद्धतेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. पुढे याच रक्ताची जनावरे सातासमुद्रापार गेली. अमेरिकेत जी ‘ब्रह्मन’ नावाची मांसल जात तयार झाली, तिच्या घडणीत गीर, गुजराथी व नेल्लोर यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या गुरांचाही वाटा आहे.

बेळगावकरांना आणखी एक गोष्ट आठवेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला पहिला लोखंडी नांगर १९०३ साली बेळगावातच तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली कारखाना कुंडलच्या माळावर गेला व किर्लोस्करवाडी वसली. हे नांगर जेव्हा काळ्या रानात शिरले, तेव्हा त्यांच्यापुढे जुंपायला दमदार बैल लागलेच. लोखंडी फाळ आणि कृष्णाकाठी खांदा ही जोडी आमच्या भागात अशी जमली. ती मोडली ट्रॅक्टरने. कालव्याचे व उपसा पाटाचे पाणी आले, ऊस आला, जमिनीच्या वाटण्या झाल्या, आणि चार बैलांचे पोट भरण्याइतका कडबा कोणाच्याच रानात पिकेना.

दुधाची बाजूही लंगडी. ही गाय एका वेतात सरासरी ९०० किलोच्या आसपास दूध देते. डेअरीचा हिशेब मांडणाऱ्या तरुणाला हा आकडा सांगितला की तो हसतो, आणि त्याचे हसणे चुकीचे आहे असे आम्हांला म्हणवत नाही. आमचा पुतण्या आमची वही उघडून म्हणाला, “काका, बैलांची पेंड, गड्याचा पगार आणि ट्रॅक्टरचे भाडे शेजारी शेजारी लिहून बघा.” आम्ही लिहिले. बैल हरले.

मग वईचा विषय निघाला, आणि तेथे वहीचे पारडे थोडे हलले.

आमच्या रानाची जुनी वई शेर, पांगारा, निर्गुडी, सागरगोटा आणि करवंदी यांची होती. ही झाडे कोणी हौसेने निवडलेली नव्हेत. निर्गुडीला गुरे तोंड लावीत नाहीत. सागरगोट्याच्या काट्यांतून माणूस काय, कुत्रेही निघत नाही. पांगाऱ्याची फांदी रोहिणीत तोडून मृगात रोवली की ती धरते. खांब कुजत नाही, उलट दरवर्षी जाड होतो. शेराच्या कांड्या मात्र तोडून काही दिवस चीक सुकू द्यावा आणि मगच लावाव्यात. हा चीक डोळ्यांत गेल्यास फार घातक, म्हणून हे काम मुलांना कधीही सांगू नये. नंतरच्या काळात गिरिपुष्प आले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, पण आता इकडे रुळले आहे. बिया व साल उंदरांना विषारी म्हणून काही ठिकाणी त्याला उंदीरमारीही म्हणतात. त्याचा पाला चिखलणीत तुडवला की भाताला उत्तम हिरवळीचे खत होते. खानापूरकडील भातवाल्यांना हे आम्ही सांगायला नको.

परकी वस्तू रुळते तशी उपटूनही जाते, याचे उदाहरण फड्या निवडुंगाचे. एकेकाळी तो दक्षिणेत इतका माजला होता की रानेच्या राने त्याने गिळली. १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून आणलेल्या एका किड्याने त्याचा बहुतेक फडशा पाडला. अनेक गावांच्या निवडुंगाच्या वया त्या पाच-दहा वर्षांत विरून गेल्या असे जुनी माणसे सांगत.

आमची वई मात्र किड्याने नव्हे, वाटणीने गेली. बांधावरची झाडे तीन हात जागा खातात आणि उसावर सावली धरतात, ही तक्रार खोटी नव्हती. बारा वर्षांपूर्वी पूर्वेकडची सगळी बाजू तोडून सिमेंटचे खांब व काटेरी तार लावली. रान मोकळे दिसू लागले. पहिल्याच उन्हाळ्यात भारद्वाज दिसेनासा झाला, मुंगसाची जोडी पलीकडे गेली, आणि उंदरांनी भुईमूग पोखरला. तरी आम्ही गप्प होतो. गेल्या वर्षी कुत्री मागे लागली म्हणून बैल बुजला आणि तारेत शिरला. गळ्याची पोळी एका बाजूने उसवली गेली. ज्या अवयवाने या जातीची शोभा आहे, तोच तारेला सर्वांत सोपा सापडतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. पंधरा दिवस बैलाने जू घेतले नाही. घरातली मंडळी आळीपाळीने हळद लावीत होती आणि पुतण्या रात्री गोठ्यात झोपत होता. वहीतला हिशेब त्या पंधरवड्यात कोणी काढला नाही.

जखम भरल्यावर त्यानेच विषय काढला. तार सगळी काढणे शक्य नाही. ऊसवाले शेजारी सावलीला हरकत घेतात, आणि त्यांच्याशी वैर करून झाडे वाढत नाहीत. म्हणून गोठ्यापासून विहिरीपर्यंतचा, जेथे दोन्ही बाजूंनी रान आमचेच आहे तेवढा तुकडा पुन्हा जिवंत वईचा करायचे ठरले. आत निर्गुडी, बाहेर सागरगोटा, मध्ये वीतवीतभर अंतरावर गिरिपुष्प व पांगाऱ्याचे खुंट. दरवर्षी छाटायचे, म्हणजे पाला शेतात आणि काटक्या चुलीत. वई दाट व्हायला तीन पावसाळे लागतील, तोवर आतून बांबूच्या कामट्या बांधायच्या. धनगरांनाही निरोप धाडला आहे. दिवाळीनंतर त्यांची दख्खनी मेंढरे चार रात्री रानात बसतील. तोवर कोवळे खुंट टिकले पाहिजेत, एवढीच काळजी.

राहिला प्रश्न कालवडीचा. तिला जर्सीची मात्रा द्यावी, दूध वाढेल, असा सल्ला सर्वांचाच. कृष्णाकाठी वळू दोन तालुके पलीकडे आहे, आणि टेम्पोचे भाडे वासराच्या बाजारभावाशी स्पर्धा करील. आम्ही मत दिले नाही. गोठ्यात झोपणाऱ्याने ठरवावे असे म्हटले. परवा सकाळी पुतण्याने टेम्पोवाल्याला फोन केला. कालवड माजावर येताच निघायचे आहे, आणि वैरणीची पेंढी व पाण्याचा डबा आतापासूनच पडवीत काढून ठेवला आहे.