ब्याऐंशी सामने कशासाठी?

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. एका संघाने एका हंगामात ८२ सामने खेळले. त्यांतले ७३ जिंकले आणि फक्त ९ हरले. एवढे विजय त्याआधी कुठल्याच संघाला मिळवता आले नव्हते. आता सांगा पाहू, त्या वर्षीचा करंडक कुणी नेला?

"त्याच संघाने! आणखी कोण नेणार?" असं म्हणालात ना? तिथेच तर गंमत आहे. करंडक नेला दुसऱ्याच संघाने, आणि त्याने साखळीत जिंकले होते ५७ सामने!

ही गोष्ट आहे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची, म्हणजे एनबीएची. हंगाम २०१५-१६ चा. ७३ सामने जिंकणारा संघ होता गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि करंडक नेणारा क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. अंतिम फेरीत वॉरियर्स ३-१ असे पुढे होते. आणखी एकच सामना जिंकायचा बाकी होता. पाचव्या सामन्यात ड्रेमंड ग्रीन या त्यांच्या महत्त्वाच्या खेळाडूवर एका सामन्याची बंदी आली. तो सामना गेला. सहावा गेला. सातवा तर त्यांच्याच घरच्या कोर्टवर होता, तोही ९३-८९ असा गेला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणतात ते हेच!

मग मनात प्रश्न येतोच. शेवटी असंच व्हायचं असेल, तर आधीचे ब्याऐंशी सामने खेळायचे तरी कशाला? त्यांचा काही उपयोग होतो की नाही? चला, आपण याचा नीट छडा लावू या.

आधी स्पर्धा समजून घेऊ

एनबीएत ३० संघ आहेत. २९ अमेरिकेतले आणि एक कॅनडातल्या टोरांटोचा. त्यांचे दोन गट पडतात, पूर्व आणि पश्चिम. प्रत्येक गटात १५ संघ. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो, ४१ घरी आणि ४१ बाहेरगावी. त्यावरून गटात क्रमांक लागतात.

प्रत्येक गटातले पहिले सहा संघ थेट पुढच्या फेरीत जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे चार संघ उरलेल्या दोन जागांसाठी आपसात झुंजतात. असे दोन्ही गटांचे मिळून १६ संघ प्लेऑफमध्ये येतात. प्लेऑफ म्हणजे आपल्याकडची बाद फेरीच म्हणा ना! फक्त एक मोठा फरक आहे. इथे एका सामन्यात निकाल लागत नाही. दोन संघांत सातपर्यंत सामने होतात आणि जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. अशा चार फेऱ्या जिंकल्या, की करंडक आपला. म्हणजे एकूण १६ विजय हवेत.

आणि मुख्य गोष्ट अशी, की प्लेऑफ सुरू झाली की पाटी कोरी! साखळीत कुणी ७३ जिंकले काय आणि ४३ जिंकले काय, सगळ्यांची सुरुवात शून्यापासून.

"उपयोग नाही" म्हणणाऱ्यांची बाजू

या मंडळींकडे उदाहरणं भरपूर आहेत. १९९५ सालचा ह्यूस्टन रॉकेट्स घ्या. हा संघ आदल्या वर्षीचा विजेता होता खरा, पण त्या हंगामात अडखळत ४७ सामने जिंकून पश्चिम गटात सहावा आला. पुढे काय झालं? पहिल्या फेरीत त्याने ६० सामने जिंकलेल्या यूटा जॅझला हरवलं. मग ५९ सामने जिंकलेल्या फिनिक्स सन्सला, मग ६२ सामने जिंकलेल्या सॅन अँटोनियो स्पर्सला. आणि अंतिम फेरीत ५७ सामने जिंकलेल्या ऑर्लँडो मॅजिकचा ४-० असा फडशा पाडला! सहाव्या क्रमांकावरून विजेतेपद मिळवणारा २०२५ पर्यंतचा हा एकमेव संघ.

किंवा २०२३ चा मायामी हीट पाहा. पात्रतेचा पहिला सामना हरला, दुसरा जिंकून कसाबसा आठवा आला. समोर होता ५८ सामने जिंकलेला मिलवॉकी बक्स. मायामीने त्याला ४-१ असं घरी पाठवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे मात्र डेन्व्हर नगेट्सपुढे त्यांचं काही चाललं नाही.

"उपयोग आहे" म्हणणाऱ्यांची बाजू

आता दुसरी बाजू ऐका. चमत्कार लक्षात राहतात, कारण ते क्वचित घडतात. नेहमीची गोष्ट कोण लक्षात ठेवतो? म्हणून आपण मोजूनच बघू.

१६ संघांची प्लेऑफ १९८४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत ४२ प्लेऑफ झाल्या. प्रत्येक वेळी दोन्ही गटांत पहिला विरुद्ध आठवा अशी एकेक लढत, म्हणजे एकूण ८४ लढती. त्यांत आठव्याने पहिल्याला किती वेळा हरवलं असेल? फक्त सहा वेळा! १९९४, १९९९, २००७, २०११, २०१२ आणि २०२३. उरलेल्या ७८ वेळा पहिल्या क्रमांकाचाच संघ जिंकला.

साखळीत वर राहण्याचा आणखी एक फायदा असतो. सातपैकी पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या कोर्टवर होतो. म्हणजे निर्णायक सातवा सामना आपल्याच गावात, आपल्याच लोकांच्या आरडाओरड्यात! २०२५ च्या अंतिम फेरीत हेच झालं. साखळीत ६८ सामने जिंकणाऱ्या ओक्लाहोमा सिटी थंडरला इंडियाना पेसर्सने सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. पण तो सामना ओक्लाहोमा सिटीत झाला आणि थंडरने तो १०३-९१ असा जिंकून करंडक उचलला. मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सनेही १९९५-९६ मध्ये ७२ सामने जिंकले होते आणि पाठोपाठ करंडकही जिंकला होता.

थोडं गणित, घाबरू नका!

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही बाजू खऱ्या कशा? याचं उत्तर गणितात आहे.

समजा, एक संघ समोरच्यापेक्षा सरस आहे. इतका, की दर दहा सामन्यांत तो सरासरी सहा जिंकतो. एकच सामना खेळला, तर तो जिंकण्याची शक्यता शंभरात ६०. तीन सामन्यांची मालिका ठेवली तर? पहिले दोन जिंकण्याची शक्यता ०.६ × ०.६ म्हणजे ०.३६. जिंकला-हरला-जिंकला याची ०.६ × ०.४ × ०.६ म्हणजे ०.१४४. हरला-जिंकला-जिंकला याचीही ०.१४४. बेरीज करा, ०.६४८. म्हणजे शंभरात साधारण ६५. सात सामन्यांची मालिका ठेवली, तर हाच आकडा ७१ वर जातो. सामने जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं, पण एक शीत दाबण्यापेक्षा सात शितं दाबून पाहिली तर अंदाज जास्त पक्का!

म्हणूनच साखळीतले ८२ सामने हे संघाच्या ताकदीचं चांगलं माप असतं. एखादा सामना नशिबाने जिंकता येतो, पण साठ सामने नशिबाने जिंकता येत नाहीत.

पण थांबा. करंडकासाठी एक नाही, चार मालिका जिंकायच्या असतात. प्रत्येक मालिकेत शक्यता ७१ धरली, तर अशा शंभर संघांपैकी पहिल्या फेरीनंतर ७१ उरतील. दुसऱ्या फेरीनंतर सुमारे ५०, तिसऱ्यानंतर ३६ आणि चौथ्यानंतर फक्त २५! प्रत्येक सामन्यात सरस असलेला संघसुद्धा चारपैकी तीन वेळा करंडकाविना घरी जाणार. चांगला संघ हरला म्हणजे तो वाईट होता, असं अजिबात नाही. हे आपण फार लवकर विसरतो, नाही का?

कागदावरची बेरीज काय सांगत नाही?

शिवाय काही गोष्टी विजयांच्या आकड्यात दिसतच नाहीत.

एक म्हणजे दुखापत. २०१२ मध्ये शिकागो बुल्स पूर्व गटात पहिला होता. पहिल्याच सामन्यात त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू डेरिक रोझ याच्या गुडघ्याला जबर इजा झाली आणि आठव्या क्रमांकाच्या फिलाडेल्फियाने मालिका जिंकली. साखळीतल्या क्रमांकामागे जो संघ होता, तो पुढे कोर्टवर उरलाच नव्हता.

दुसरं म्हणजे संघात झालेला बदल. १९९५ च्या ह्यूस्टनची गोष्ट आठवा. हकीम ओलाजुवान त्यांच्याकडे होताच. पण त्याचा कॉलेजातला जोडीदार क्लाइड ड्रेक्सलर संघात आला तो फेब्रुवारीत, म्हणजे हंगामाच्या मधेच. ४७ विजयांच्या आकड्यात त्याच्या आधीचे सामनेही मोजलेले होते!

तिसरं म्हणजे समोर कोण आहे ते. २००७ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ६७ सामने जिंकले होते आणि आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटने त्यांना ४-२ असं हरवलं. सगळे थक्क झाले. पण साखळीत हेच दोन संघ तीनदा भिडले होते आणि तिन्ही वेळा गोल्डन स्टेटच जिंकला होता. त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी आधी डॅलसलाच शिकवलेलं होतं, त्यामुळे त्यांना त्या संघाची खोड न् खोड माहीत होती. म्हणजे उत्तर साखळीतच दडलेलं होतं. लोकांनी बेरीज पाहिली, तपशील पाहिला नाही.

एक हरलेला संघ

आता एका हरलेल्या संघाबद्दल. सॅक्रामेंटो किंग्ज. या संघाची आणि आपल्या मुंबईची ओळख आहे. संघाचे एक प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, ते याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. ते दोन्ही सराव सामने होते, कुठल्याच गुणतक्त्यात न धरले जाणारे.

हे किंग्ज २००६ नंतर सलग १६ हंगाम प्लेऑफमध्ये पोचलेच नव्हते. तुमच्यातल्या अनेकांच्या वयापेक्षा जास्त वर्षं! २०२२-२३ मध्ये त्यांनी ४८ सामने जिंकले आणि ते पश्चिम गटात तिसरे आले. प्रत्येक विजयानंतर त्यांच्या स्टेडियमवरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडला जायचा. समोर आला सहाव्या क्रमांकाचा गोल्डन स्टेट. त्या संघाने साखळीत बाहेरगावचे ४१ पैकी फक्त ११ सामने जिंकले होते. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि तो सामना सॅक्रामेंटोत होता. सगळं किंग्जच्या बाजूने. पण त्या दिवशी गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले आणि किंग्ज १२०-१०० असे हरले.

मग ते ४८ विजय वाया गेले का? त्या हंगामात आईबाबांचं बोट धरून सामना बघायला आलेल्या सॅक्रामेंटोच्या मुलांना विचारा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपला संघ प्लेऑफमध्ये पाहिला होता. ते या ४८ विजयांमुळेच!

तर उत्तर काय? साखळीतले विजय करंडक देत नाहीत. ते दार उघडून देतात, बसायला बरी जागा देतात आणि शक्यता वाढवतात. उरलेलं त्या त्या दिवशी खेळूनच मिळवावं लागतं. परीक्षेचंही असंच नाही का? वर्षभराच्या अभ्यासाने पेपर आपोआप सुटत नाही, पण सुटण्याची शक्यता वाढते. आणि एखादा पेपर अवघड गेला म्हणून वर्षभर शिकलेलं पुसलंही जात नाही. आईबाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठीसुद्धा, बरं का!

करून पाहा

एका पिशवीत ६ लाल आणि ४ पांढऱ्या गोट्या घ्या. गोट्या नसतील तर बटणं चालतील. न बघता एक काढा, रंग लिहा आणि परत पिशवीत टाका. लाल निघाली तर सरस संघ जिंकला, पांढरी निघाली तर दुसरा. कुणाचे चार विजय आधी होतात ते बघा. ही झाली एक मालिका. अशा वीस मालिका खेळा. लाल संघ त्यांतल्या साधारण चौदा जिंकेल. पण ओळीने चार मालिका त्याला किती वेळा जिंकता येतात, तेही मोजा. मग ७३ सामने जिंकूनही रिकाम्या हाताने परतलेल्या संघाचं नवल वाटायचं नाही.