सिकलसेल : एका प्रथिनातला छोटा बदल शरीरभर का जाणवतो?

रक्ततपासणीच्या कागदावर ‘सिकलसेल एएस’ किंवा ‘एसएस’ असे लिहून आले की घरात प्रश्न सुरू होतात. हा संसर्गजन्य आजार आहे का? रक्त कमी आहे, मग लोहाच्या गोळ्यांनी भागेल का? अंडी, डाळी, प्रोटीन पावडर दिली तर मूल बरे होईल का? हे आईकडून आले की वडिलांकडून? पुढे मुलीच्या लग्नाचे काय?

आपल्या शरीरात प्रथिने कशी बनतात आणि त्यांच्या आकाराला इतके महत्त्व का आहे, हे कळले की या सर्व प्रश्नांची उत्तरे सोपी होतात. म्हणून आधी थोडे प्रथिनांविषयी आणि मग रिपोर्ट, उपचार व लग्न याविषयी बोलू.

प्रथिन म्हणजे फक्त खाण्यातला घटक नाही

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. पण शरीराच्या आत प्रथिने हे कामकरी रेणू आहेत. स्नायू आकुंचन पावतात ते ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांमुळे. त्वचा आणि हाडांना मजबुती मिळते ती कोलॅजनमुळे. अन्न पचवणारी विकरे, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन, जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज ही सगळी प्रथिनेच. आणि फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवणारे हिमोग्लोबिन हेसुद्धा एक प्रथिनच आहे.

ही सर्व प्रथिने अमिनो आम्लांपासून बनतात. अमिनो आम्ले म्हणजे माळेतले मणी समजा. मण्यांचे मुख्य प्रकार फक्त २०, पण ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत त्यावर प्रथिन कोणते, हे ठरते. हा क्रम आपल्या जनुकांत लिहिलेला असतो.

माळ तयार झाली की ती सरळ दोरीसारखी राहत नाही. काही भाग स्प्रिंगसारखे पिळतात, काही पट्ट्यांसारखे शेजारी बसतात. मग पूर्ण माळेची घडी होऊन तिला ठरावीक आकार येतो. काही प्रथिनांत अशा दोन-चार माळा एकत्र येऊन काम करतात. कुलपाच्या खाचेत किल्ली बसावी तसे प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर अवलंबून असते. अंडे उकडले की पातळ पांढरा भाग घट्ट होतो, तेव्हा मण्यांचा क्रम बदललेला नसतो. उष्णतेने फक्त घडी उसवलेली असते, पण तेवढ्याने त्याचे रूप पार बदलते.

हिमोग्लोबिन कसे काम करते?

प्रौढ माणसाच्या मुख्य हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात : दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा माळेत १४१ मणी आणि बीटा माळेत १४६. प्रत्येक माळेत ‘हीम’ नावाचा एक भाग बसवलेला असतो आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. ऑक्सिजन या लोहाला चिकटतो. म्हणजे एक हिमोग्लोबिन एका वेळी ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात.

फुप्फुसात पहिला ऑक्सिजन चिकटला की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि पुढचे तीन सहज चिकटतात. स्नायू, मेंदू, मूत्रपिंड अशा ठिकाणी, जिथे ऑक्सिजन कमी असतो, तिथे आकार पुन्हा बदलतो आणि ऑक्सिजन सुटतो. दर श्वासाला हे घडत असते.

सिकलसेलमध्ये नेमके काय बदलते?

बीटा माळेतल्या १४६ मण्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन येते. बाकी १४५ मणी तसेच. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. एका वेलांटीने अर्थ बदलतो, तसेच हे.

ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो आणि ते पाण्यात छान मिसळून राहते. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसते. एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला चिकटतो आणि पेशीच्या आत लांब, ताठ दोरे तयार होतात. त्या दोऱ्यांमुळे एरवी गोल आणि लवचीक असलेली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

अशा पेशींमुळे दोन त्रास होतात. एक, कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्तपुरवठा थांबतो आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. दोन, या पेशी लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकल पेशी साधारण १० ते २० दिवसच टिकते. म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

हा आजार प्रथिनातल्या बदलाचा आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे काही वर्षांतच केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो बदल एकाच अमिनो आम्लाचा आहे, हे शोधून काढले. रेणूच्या पातळीवर कारण सापडलेला हा पहिला आजार.

मग प्रोटीन पावडरने बरे होईल का?

नाही. आपण खाल्लेल्या डाळीतले किंवा अंड्यातले प्रथिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. पोटात आणि आतड्यात ते मोडून त्याचे मणी सुटे होतात. शरीर ते मणी वापरून आपल्या माळा ओवते, पण कोणत्या क्रमाने ओवायच्या हे जनुक सांगते. मणी कितीही दिले तरी सहाव्या जागी व्हॅलिनच येणार. सिकलग्रस्त मुलांना चांगला, चौरस आहार हवाच, कारण त्यांच्या शरीराला सतत नवे रक्त बनवावे लागते. पण महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका. डाळ, भात, भाकरी, पालेभाज्या, अंडी, शेंगदाणे पुरेसे आहेत.

लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. इथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्यामुळे. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त चढवले असेल तर ते जास्तही साचते. म्हणून तपासणीत लोहाची कमतरता दिसल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका. फॉलिक ॲसिड मात्र बहुतेकांना दिले जाते.

‘एएस’ आणि ‘एसएस’ यांत फरक काय?

बीटा माळेचे जनुक प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले.

‘एए’ म्हणजे दोन्ही जनुके नेहमीची. ‘एएस’ म्हणजे एक नेहमीचे आणि एक सिकलचे. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. वाहक हा रुग्ण नाही. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन नेहमीचे असल्याने तो सर्वसाधारण आयुष्य जगतो. त्याने भरपूर पाणी प्यावे, आणि शस्त्रक्रियेआधी किंवा लघवीत रक्त दिसल्यास डॉक्टरांना आपण वाहक असल्याचे सांगावे. ‘एसएस’ म्हणजे दोन्ही जनुके सिकलची. हा आजार आहे आणि त्याला नियमित उपचार लागतात.

गावातल्या शिबिरात केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी एएस आणि एसएस दोघांतही पॉझिटिव्ह येते. ती फक्त ‘सिकल हिमोग्लोबिन आहे’ एवढेच सांगते. नक्की काय आहे हे कळायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी करावीच लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तपासणीआधी सांगा, नाहीतर निकाल चुकू शकतो.

बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही?

गर्भात असताना बाळाकडे वेगळे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटाऐवजी गॅमा माळा असतात, म्हणजे बदललेला मणीच नसतो. जन्मानंतर हळूहळू गॅमाची जागा बीटा घेते, म्हणून साधारण सहा महिन्यांनंतर लक्षणे दिसू लागतात. हातापायांची बोटे सुजून दुखणे हे बऱ्याचदा पहिले लक्षण असते.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच गोष्टीचा उपयोग करते. ते गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि सिकल रेणूंना दोरे करू देत नाही. त्यामुळे वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. हे औषध रोज घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्तपेशींची तपासणी करावी लागते. बरे वाटते म्हणून ते मनाने बंद करू नका. मूल हवे असेल तर पती असो वा पत्नी, हे औषध घेणाऱ्याने आधीच डॉक्टरांशी बोलावे.

आजार मुळापासून बरा करण्यासाठी सध्या मुख्यतः अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा उपाय आहे, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि त्यात धोकेही आहेत. जनुकीय उपचारांना २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ते अतिशय महाग आहेत.

घरी काय सांभाळायचे?

शरीरात पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला किंवा अतिश्रम झाले की पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण वाढते. म्हणून मुलाला दिवसभर पाणी प्यायला द्या आणि शाळेत बाटली न्यायला लावा. थंडीत ऊबदार कपडे घाला, गार पाण्यात फार वेळ पोहू देऊ नका. दुखणाऱ्या जागी बर्फ लावू नका, ऊब द्या. लसीकरण पूर्ण करा. न्यूमोकोकल लस विशेष महत्त्वाची आहे. लहान मुलांना डॉक्टर पेनिसिलिन देतात, ते चुकवू नका, कारण सिकलसेलमध्ये पाणथरी म्हणजे प्लीहा नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग वेगाने पसरतो.

पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा :

– १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
– छातीत दुखणे, धाप लागणे
– मूल अचानक पांढरेफटक पडणे, पोट डाव्या बाजूला फुगणे
– तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, झटका येणे
– घरच्या गोळ्यांनी न थांबणारी वेदना
– मुलांत किंवा पुरुषांत लिंगाची वेदनादायक ताठरता, जी उतरत नाही. हे सांगायला लाजू नका, उशीर केल्यास कायमचे नुकसान होते.

लग्नाआधी काय पाहायचे?

दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के आणि एए होण्याची २५ टक्के असते. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे होत नाही. दर वेळी हिशोब पहिल्यापासून सुरू होतो. एक एएस आणि दुसरा एए असेल तर मूल सिकलग्रस्त होत नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची असते. एसएस व्यक्तीचे लग्न एए व्यक्तीशी झाले तर सर्व मुले वाहक होतात, रुग्ण नाही. एसएस आणि एएस असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता ५० टक्के असते.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. जोडीदार सिकलवाहक नसला, पण बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मुलाला सिकलसेलसारखाच गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून जोडीदाराची फक्त सोल्युबिलिटी चाचणी पुरेशी नाही, एचपीएलसी करून घ्या. दोघेही वाहक असतील आणि गर्भधारणा झालीच असेल, तर १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जा.

आणि कृपया सुनेला दोष देऊ नका. एसएस मुलाला सिकलचे एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडूनच आलेले असते. हे कोणाच्या वागण्याचे फळ नाही आणि हा आजार शिवल्याने, एकत्र जेवल्याने पसरत नाही. हे जनुक टिकून राहिले त्याचे कारण असे की एएस व्यक्तींना गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच जिथे पूर्वापार मलेरिया होता, तिथे सिकलसेल जास्त दिसतो. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट या भागांत तो बराच आढळतो, पण तो कोणा एका जातीचा किंवा जमातीचा आजार नाही.

तपासणी कुठे होते?

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेल आजाराचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्राबद्दल जिल्हा रुग्णालयात विचारा.

घरात एकाचा रिपोर्ट एएस किंवा एसएस आला असेल, तर भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या आणि ते कागद जपून ठेवा. पत्रिका जुळवण्याआधी ते पाहिलेत, तर लग्न ठरण्यापूर्वीच दोन्ही घरांना शांतपणे विचार करता येतो.